खोटा होडीवाला

माझ्या नातीला पहिले दात यायला लागले तेव्हा तिच्या हिरड्या शिवशिवत होत्या, म्हणून मी तिला चघळायला शिशाच्या मण्यांची माळ दिली.

हे वाक्य मुद्दाम सगळ्यात आधी लिहून टाकलं. पुढे मी बरीच भांडते, चार लोकांना दमात घेते, शहाणपणाचं बोलते. तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात माझ्याबद्दल भलताच आदर तयार व्हायला नको.

आणि माळ दिली ती कोणी? तळासरी तालुक्यातल्या अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेने. खांद्याला पर्स, हातात छत्री, नाकावरून घसरणारा चष्मा. पाड्यापाड्यावर जाऊन आयांना ऐकवणार, "मुलाच्या तोंडात काय जातं यावर आईचं लक्ष पाहिजे!" सगळे तिला मॅडम म्हणत. मीही तिला मॅडमच म्हणणार आहे, कारण ती बाई मीच होते हे म्हणायला अजून जीभ रेटत नाही.

मॅडम २०१४ साली निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी पाड्यांवर निरोपाचे कार्यक्रम झाले. कुणी काकड्या दिल्या, कुणी तांदूळ दिले, कुणी कोंबडी देऊ केली ती मात्र एसटीत नेणार कशी म्हणून परत केली. एका पाड्यावरचा एक बाप पळसाच्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी घेऊन आला. तो गुजरातच्या बाजूने येणाऱ्या जुन्या बॅटऱ्या घरामागे फोडायचा आणि आतलं शिसं वितळवून भंगारवाल्याला विकायचा. आमच्या घरी होडी आहे, जाळी आहेत, हे त्याला ठाऊक होतं.

"मॅडम, जाल्याला लागतं ना? हे ठेवा. चांगला हाय."

आत वाटीएवढा शिशाचा गोळा होता. मॅडमना भरून आलं. काकड्या पिशवीत कोंबल्या, आणि गोळा मांडीवर घेऊन डहाणूपर्यंत आल्या. शेजारच्या बाईने विचारलं, प्रसाद का हो? मॅडम म्हणाल्या, तसंच समजा.

त्या माणसाची मुलगी मॅडमच्या अंगणवाडीतली. फिकट, चिडकी, सांगितलेलं विसरणारी. मॅडमनी सगळ्यांसमोर निकाल दिला होता, "ही आळशी आहे. लक्ष देत नाही." बाप मान खाली घालून ऐकत होता. तरी त्याने भेट आणली. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

आता मण्यांबद्दल सांगते. हाताने फेकायच्या गोल जाळ्याची कड जड लागते. ती पाण्यात भराभर खाली गेली नाही तर मासे कडेखालून पळतात. म्हणून कडेच्या दोरीला शिशाचे मणी बसवतात. आमच्या आळीत ते मणी घरीच ओतायचे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. मग श्रावणात एखादा उघडीचा दिवस बघून कुणाच्या तरी परसात चूल मांडायची, जुन्या कढईत शिसं वितळवायचं आणि पळीने दगडी साच्यात ओतायचं. साचा सगळ्या आळीचा मिळून एकच. भजी तळावीत तसा थाट असे. पोरं भोवती घुटमळत, जमिनीवर सांडलेले चकचकीत थेंब वेचत. कढई कधीकधी घासून पुन्हा स्वयंपाकघरातही जाई.  तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मण्याला चीर असते. चिरेत दोरी घालायची आणि मणी दाबून बंद करायचा. लोक पकड वापरतात. मी नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई मणी दातांनी दाबायच्या. मीही शिकले. कचकन् चावायचा, पुढचा घ्यायचा. शाळा शिकलेली सून असं काम करते म्हणून बाया बघायला येत. "पकडीपेक्षा माझे दात पक्के," असं मी सांगत फिरायची. मॅडम झाल्यावरसुद्धा रविवारी पर्स खुंटीला लावून मणी चावायला बसायची. बढाई मारायला माणसाला काहीही पुरतं!

तर पाड्यावरच्या त्या प्रेमाच्या गोळ्याचे मणी ओतले. त्यातले गुळगुळीत, एकसारखे असे निवडून काढले, नायलॉनच्या दोरीत ओवले आणि नातीच्या हातात दिले. प्लास्टिकच्या खेळण्यांत काय काय असतं म्हणे, असं सुनेला वर ऐकवलं. थंडगार, जड, चावायला मऊ. पोर खूश. मी मण्यांचा डबा घेऊन जाळ्यापाशी बसायची, नात मांडीला टेकून माळ चघळायची. मी एक मणी चावायची, ती एक चावायची. शेजारणी म्हणायच्या, आजी-नातीची काय जोडी आहे!

जोडी होतीच.

नात तिसऱ्या वर्षात गेली तरी दोन शब्दांपुढे जाईना. "आजे, पानी." "आय, नको." आज शिकवलेलं उद्या कोरं. पोट दुखतं म्हणून रडायची, शौचाला होत नाही म्हणून रडायची, कशाने तरी भडकायची आणि वाटी भिंतीवर मारायची. रंग उतरला होता. आळीत प्रत्येकाकडे कारण तयार. कुणी नजर म्हणालं, कुणी ग्रहणात आईने विळी हातात घेतली होती म्हणालं. माझ्या मुलाचं मत होतं, उशिरा बोलेल, तोही उशिराच बोलला होता. आणि मॅडम? मॅडमना कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सून पहाटे डहाणूच्या बाजारात मासळी विकायला बसते, पोरीकडे बघायला तिला वेळ नाही, असं मॅडमनी ठरवलं आणि बोलूनही दाखवलं.

"मुलाशी बोलावं लागतं ग. तेव्हा ते बोलतं."

सून पाटीतलं बर्फाचं पाणी ओतत होती. म्हणाली, "दिवसभर तुमच्यापाशीच असते ना, आई. तुम्ही बोला."

मी बोलत होतेच. तोंडात मणी धरून.

२०१७च्या पावसाळ्यात पोट इतकं दुखायला लागलं की पोर गुडघे पोटाशी घेऊन गाठोड्यासारखी पडून राहिली. डहाणूत मुलांची एक डॉक्टर नवीन आली होती. सुनेच्याच वयाची. तिने पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या, रक्त काढायला सांगितलं आणि एक्स-रे काढून आणा म्हणाली. फोटो उजेडाला धरला. करड्या पोटात दोन पांढरेशुभ्र गोल ठिपके.

"हे काय गिळलंय हिने? नाणं नाही, बटणही नाही."

मी चष्मा सारखा केला. एका ठिपक्याला बारीक चीर दिसत होती. आपण हाताने केलेली वस्तू माणूस कुठेही ओळखतो.

"मणी आहे," मी म्हटलं. "माझा."

"कशाचा?"

"शिशाचा."

डॉक्टरने हातातला फोटो खाली ठेवला. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली आणि मी एकेक सांगत गेले. डबा, माळ, कढई, दात. माझ्या बाजूला सून उभी होती. तिच्याकडे मी बघितलं नाही. मॅडम असत्या तर त्यांनी एखादं वाक्य फेकलं असतं, पण मॅडम त्या दिवशी खोलीत नव्हत्या. कुठे पळून गेल्या कोण जाणे!

रक्ताचा रिपोर्ट बाहेरगावाहून आला. शिसं होतं, भरपूर होतं. गुजरातेतल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे आधी पोटातले मणी बाहेर काढले. मग रक्तातलं शिसं पकडून लघवीवाटे बाहेर नेणारं औषध सुरू केलं. तिथून आल्यावर मी एकटी डहाणूच्या डॉक्टरकडे गेले. मला सगळं समजून घ्यायचं होतं. मी जन्मभर लोकांना लोहाच्या गोळ्या गिळायला लावल्या, पण त्या गोळ्या आत जाऊन काय करतात हे कधी विचारलं नव्हतं.

"शिसं नेमकं करतं काय?" मी विचारलं. "रक्त कमी करतं ते कळलं. पण माझी नात विसरते का?"

डॉक्टरने बाहेरच्या रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची जवळ ओढली. "आजी, मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये अगदी बारीक फट असते. निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जातो तो रसायनाच्या रूपात, ती फट ओलांडून."

"म्हणजे मध्ये खाडी आहे."

"बरं, खाडी म्हणा."

"पूल नाही?"

"पूल नाही. होड्याच."

"मग आत्ता होडी सोडा, असं कोण सांगतं?"

ती हसली. "बरोबर जागी आलात. ते काम कॅल्शियमचं. निरोप काठाशी आला की कॅल्शियम दारातून आत येतं आणि होड्या सुटतात. आता शिसं काय करतं, तर ते कॅल्शियमचं सोंग घेतं. पेशीला फरक कळत नाही. ते दारातच बसकण मारतं, खऱ्याला आत येऊ देत नाही. त्यामुळे निरोप आला तरी होड्या पुरेशा सुटत नाहीत. आणि जे शिसं आत घुसतं, ते कुणी न सांगता उगाच होड्या सोडत राहतं."

"म्हणजे कामाच्या वेळी होडी नाही, आणि काम नसताना खाडीभर रिकाम्या होड्यांचा गोंगाट."

"हो. शिवाय पलीकडच्या काठावर एक धक्का असतो असं समजा, जिथे निरोप उतरवून घेतात आणि पक्का लक्षात ठेवतात. तिथेही ते अडवणूक करतं. म्हणून शिकलेलं टिकत नाही."

"आणि तिचा राग? वाट्या भिरकावते ती?"

"तो तिचा स्वभाव आहे असं इतक्यात ठरवू नका. गोंगाटात बसलेलं माणूस चिडेलच."

मी उठले. दाराशी जाऊन परत फिरले. "सगळं भरून येईल?"

"सगळं येईल असं मी सांगणार नाही. काही राहूनही जाईल. पण मेंदू लहान आहे, अजून घडतो आहे. घरातलं शिसं बंद करा, पोट रिकामं ठेवू नका, लोह आणि दूधदुभतं द्या, आणि तिच्याशी खूप बोला. आपण काय करू शकतो ते करू."

त्या बोलण्यातलं "काही राहूनही जाईल" हे आळीतल्या सगळ्यांनी धरलं. बाकीचं मी एकटीने धरलं. माझी नात मंद नव्हती. तिच्या खाडीत एक खोटा होडीवाला शिरला होता आणि त्याला मीच हात धरून आणलं होतं. आता त्याला हाकलायचं कामही माझं.

पण नात मिळाली तर! घरी आल्याच्या दिवशी सुनेने खुंटीवरची माळ काढली आणि माझ्यापुढे ठेवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून हिला मी बाजारात घेऊन जाईन." आणि नेलं. पोर बर्फाच्या पेटीवर गोणपाट घालून बसायची. मी घरात बसून भिंत बघायची. मग एक दिवस मीही बाजारात गेले, सुनेच्या पाटीशेजारी फतकल मारली आणि नातीला गोष्ट सांगायला लागले. एक खाडी असते. तिच्यावर पूल नसतो. एक खरा होडीवाला असतो, त्याचा आवाज मोठा. एक खोटा असतो, त्याने खऱ्याचेच कपडे घातलेले असतात, आणि तो मण्यात बसून तोंडावाटे आत शिरतो. सून मांदेली मोजून घालत होती. मला उठा म्हणाली नाही. मी रोज जायला लागले. गिऱ्हाइकं मला विचारायची, मावशी, तुम्ही काय विकता? मी म्हणायची, बडबड.

घर मी स्वतः उकरलं. डबा, कढई, पळी, परसातली काळी माती, सगळं. भिंतीजवळ बसायची जागा पुसून घेतली, झाडली नाही, धूळ उडते म्हणून. मुलाला म्हटलं, तयार मणी विकत आण आणि घराबाहेर ठेव, पकडीने बसव. तो म्हणाला, "बरं, बरं." माझ्या मुलाचं "बरं, बरं" म्हणजे शेतावरचं बुजगावणं. हलतं, पण काही करत नाही. मग मी जाळीच बाहेरच्या पडवीत नेऊन टाकली.

पुढच्या वर्षी श्रावण आला. उघडीचा दिवस बघून आळीने चूल मांडली. शेजारच्याच परसात. पोरं गोळा झाली. मी कुंपणाशी जाऊन सांगितलं, बाबांनो, लांब जा, किनाऱ्यावर जा, पोरांना आणू नका, कढई घरात नेऊ नका. हसले सगळे. एकजण म्हणाला, "आम्ही जन्मभर शिशात खेळलो, काकी. आम्हाला काय झालं?"

"काय झालं ते तुला कसं कळणार? कळायचं असतं तेच तर जातं."

पुन्हा हसले. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, तो निसटतो. तेव्हा मी भांडले नाही. दुपारी सगळे जेवायला गेले. साचा परसात उघडाच पडला होता. मी उचलायला गेले तर जागचा हलेना. मणी सुटून यावेत म्हणून लावलेल्या चार पिढ्यांच्या तेलाने आणि काजळीने माखलेला दगड! मी आजूबाजूला पाहिलं, तर मागे सून. रिकामी पाटी काखेत. मला वाटलं, आता ही आरडाओरड करणार. तिने पाटी खाली ठेवली आणि दुसरी बाजू धरली.

"वाकू नका फार," ती म्हणाली. "कंबर धरेल, मग मलाच तेल लावावं लागेल."

खाडीला भरती होती. दोघींनी मिळून तो साचा धक्क्यावरून सोडला. बुडुक असा लहानसा आवाज झाला. एवढ्या मोठ्या गोष्टीला इतकाच आवाज, याचं मला वाईट वाटलं. सून हसायला लागली, तशी मीही हसले. वर्षभरानंतर आम्ही दोघी एकत्र हसत होतो आणि आळीची चोरी केलेली होती.

संध्याकाळी बैठक बसली. पाटील माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला, त्याच्या नाकाचा शेंबूड मी पुसलेला. तरी बैठकीत तो पाटील.

"काकी, साचा आजोबांच्या वेळचा होता. आळीची माफी मागा, नवा साचा करून द्या, विषय संपवू."

"तुझ्या आजोबांची होडी वल्ह्याने चालायची," मी म्हटलं. "तू तिला मशीन बसवलंस, तेव्हा आजोबांना विचारायला गेला होतास?"

"विषय मशीनचा नाही."

"माझाही साच्याचा नाही. माफी मी मागीन, पण तुमची नाही. तुमच्या पोरांची मागीन. इतकी वर्षं मी अंगणवाड्या तपासत फिरले आणि माझ्याच आळीत पोरं वितळलेलं शिसं वेचताना मला दिसली नाहीत. साचा मी देणार नाही. दुसरा आणाल तर तोही बुडवीन. खाडी मोठी आहे."

"अहो, पण एकटी म्हातारी तो दगड उचलते कशी?" मागून कुणीतरी म्हणालं. "खोटं बोलते."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने सुनेचा आवाज आला. "एकटी नव्हती. मी होते. मलाही माफी मागायला लावता का? मग मी उद्या माझ्या पोरीचा फोटो आणते. पोटात मणी दिसतो तो. तो बघा, आणि मग लावा."

कुणी लावली नाही. पण आळी एका रात्रीत शहाणी झाली असं मुळीच नाही. बरेच दिवस आमच्याशी बोलणं बंद होतं. दोन घरांनी लाकडी साचा करून घेतलाच. एवढं मात्र झालं की ओतायचं काम किनाऱ्यावर गेलं, पोरांना हाकलायला लागले आणि कढई पडवीच्या आत येईनाशी झाली. पाटलाच्या बायकोने पोराचं रक्त तपासून आणलं, नवऱ्याला न सांगता. मला सांगितलं. मी आळीला सांगत नाही, वाचणाऱ्याला सांगते.

त्यानंतर मला तळासरीला जाणं भाग होतं. एसटीत बसले तेव्हा मांडी रिकामी होती, तरी जड वाटत होती. त्या पाड्यावर गेले. बाप कामावर होता. आई अंगणात नाचणी पाखडत होती. मुलगी आता मोठी झालेली, शाळा सुटलेली. कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. मी सगळं सांगितलं. माझ्या नातीचं, मण्यांचं, बॅटऱ्यांच्या धुराचं. ती बाई सूप खाली न ठेवता ऐकत होती.

शेवटी म्हणाली, "तुम्हीच बोलल्या होत्या ना मॅडम, आळशी हाय म्हणून. आम्ही तेच धरून बसलो."

 मी म्हटलं, "चुकले मी. आळशी नव्हती. आता चल, हिला डॉक्टरकडे नेऊ."

नेलं. औषधपाणी झालं. बापाने काम लगेच सोडलं असं मी लिहिणार नाही. त्याला दुसरं काम कोण देणार होतं? त्याने भट्टी ओढ्यापलीकडे नेली, कामाचे कपडे तिकडेच ठेवायला लागला, आंघोळ करून घरात येऊ लागला. मुलगी आता आईबरोबर बाजारात हिशेब करते, चुकते, पुन्हा करते. मी गेले की मला बघून तोंड फिरवते. तिने फिरवलंच पाहिजे. मी तिच्या जागी असते तर थुंकले असते.

२०१९च्या जूनमध्ये नातीला पहिलीत घालायला शाळेत गेलो. तोवर ती पूर्ण वाक्यं बोलायला लागली होती, कधी सरळ, कधी उलटसुलट. दहापर्यंत मोजताना सातला नेहमी चाट मारायची. कपडे, चपला, डबा, सगळं कुठेतरी विसरायची. बाईंनी तिला दोनचार गोष्टी विचारल्या, आणि तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "आजी, मंद आहे हो ही. अजून एक वर्ष अंगणवाडीत राहू दे ना."

नातीने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"बाई," मी म्हटलं, "तो शब्द मी जन्मभर वापरला आहे. वापरून वापरून त्याची धार गेली. दुसरा काढा. आणि शाळेचं वय झालेल्या मुलीला तुम्हाला शाळेत घ्यावं लागतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तेव्हा आपण दोघी वेळ नको घालवूया."

"मागे पडेल ती."

"पडू दे. मी मागेच बसलेली असेन."

आणि मी खरंच बसले. शाळेच्या पायरीवर, चिकूच्या झाडाच्या सावलीत. कुणाकुणाची जाळी दुरुस्तीला घेऊन यायची आणि तिथेच विणायची. बाईंना आधी राग यायचा, मग सवय झाली, मग सुट्टीत त्या आपला चहा घेऊन माझ्याजवळ बसायला लागल्या. नातीला पुढच्या बाकावर आणलं, सांगितलेलं पुन्हा सांगायला लागल्या. एकदा मला म्हणाल्या, तिला सात आवडत नाही वाटतं. मी म्हटलं, त्या होडीला वेळ लागतो आहे, येईल.

तरी मनात भीती होती. बाहेरून कितीही तोरा दाखवला तरी रोज शाळा सुटली की मी तिच्या तोंडाकडे बघायची, आज आत काही राहिलं का? सकाळी सांगितलेलं दुपारी विचारायची. कधी यायचं, कधी नाही. होडीवाल्याची गोष्ट मी तिला बाजारात सांगितली होती त्याला बराच काळ लोटला होता. ती गोष्ट तिला आठवते का, हे मात्र मी कधी विचारलं नाही. आठवत नसेल तर मला ऐकायचं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधीची दुपार असेल. पाटलाचंच फेकजाळं मांडीवर होतं, कडेचे मणी सुटलेले. रुमालात तयार मणी बांधून आणले होते, आणि पकड घरी विसरले होते. विसरण्याचा मक्ता काही एकट्या नातीचा नाही! शाळा सुटायला अवकाश होता. दोरी चिरेत बसवली, आणि इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप वर गेला. मणी दातांत धरला. अजून चावला नव्हता.

तेवढ्यात घंटा झाली. नात दप्तर फरपटत पायरीवर आली आणि माझं तोंड बघून थबकली. चप्पल एकच पायात होती. तिने दप्तर खाली टाकलं, हात कमरेवर ठेवले, अगदी तिची आई गिऱ्हाइकापुढे ठेवते तसे, आणि साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"थुंक, आजे, थुंक आधी! तो खोटा होडीवाला तुझ्या खाडीत शिरला ना, तर तू पण माझ्यासारखी विसरशील. मग मला घरी कोण नेणार?"